काळी लस्सी घरी कशी जमवायची? (मिक्सर, कोको आणि बर्फ)

गंजगोलाईची सून | ३ मे, दुपारी ३:१२

नमस्कार मंडळी. मी इथं वाचते जास्त, लिहिते कमी. आज मिक्सरनं लिहायची पाळी आणली.

पुण्याहून भाचा आलाय. त्यानं परवा आम्हा सगळ्यांना लातुरात औसा रोडवरच्या एका कॅफेत नेलं. तिथं चॉकलेटचं एक थंडगार प्रकरण प्यालो. आइस्क्रीम नाही, मिल्कशेकही नाही. बर्फाचा बारीक चुरा आणि चॉकलेट असं काहीतरी, चमच्यानं खावं की स्ट्रॉनं ओढावं कळेना. एका ग्लासाचे २४० रुपये. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मी उगाच अर्धा ग्लास दिला. झेडपीचे रिटायर्ड मास्तर, वय ७८, बाहेरच्या खाण्याला कायम नाक मुरडणार. ते सगळं पिऊन ग्लास खालपर्यंत खरवडला आणि घरी आल्यावर म्हणाले, "ही काळी लस्सी घरी होत नाही का गं?"

केली. अर्धा लिटर गार दूध, चार चमचे कोको, साखर, दोन ट्रे बर्फ, सगळं एकदम मिक्सरच्या मोठ्या जारमध्ये. वर चार बोटं फेस, खाली तपकिरी पाणी, आणि कोको मिसळीच्या तरीसारखा तरंगतोय, तोही गुठळ्यांसकट. अण्णांनी एक घोट घेतला. म्हणाले, "मांजरेला पहिला पूर आल्यासारखं लागतंय."

माझं काय चुकलं? आणि हो, अण्णांना शुगर आहे. औषधावर आटोक्यात आहे, पण आहे.

तिरकस | ३ मे, दुपारी ३:२०

बाहेर ४२ डिग्री. माठात वाळा टाका, गार पाणी प्या. धागा बंद.

कोको मावशी | ३ मे, दुपारी ४:०५

तिरकसराव, तुम्ही पाणी प्या, आम्ही बोलतो.

सूनबाई, तुमच्या दोन चुका आहेत आणि दोन्ही सगळेच करतात. मीही केल्यात. मी संभाजीनगरात घरून केकच्या ऑर्डरी घेते, कोकोशी रोजचा संबंध.

पहिली चूक, गार दुधात कोरडा कोको. त्यात कोकोचं तूप असतं, साध्या पावडरीत १० ते १२ टक्के. त्यामुळं पावडर गार द्रवात मिसळत नाही, वरून भिजते आणि आत कोरडीच राहते. तीच तुमची गुठळी. मिक्सर कितीही फिरवा, गुठळी फुटून लहान गुठळ्या होतात. उपाय पिठल्यासारखा. आपण बेसन सरळ उकळत्या पाण्यात टाकतो का? आधी वाटीत कालवतो. तसंच कोको, साखर आणि चिमूटभर मीठ वाटीत घ्या, कडकडीत गरम दूध दोन-तीन चमचे घाला आणि चकचकीत काळी पेस्ट होईपर्यंत घोटा. मग आणखी गरम दूध. मंद गॅसवर मिनिटभर ठेवलं तर वास बदलतो, कच्चेपणा जातो. मग गार करा.

दुसरी चूक बर्फ. दोन ट्रे बर्फ म्हणजे अर्ध्या लिटर दुधात जवळजवळ तेवढंच पाणी ओतलंत. वितळल्यावर चॉकलेट लागणार कुठून? मी पाण्याचा बर्फ घालतच नाही. कालवलेलं चॉकलेटचं दूधच ट्रेमध्ये गोठवते. रात्री करून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वड्या आणि थोडं गार दूध जारमध्ये. वितळलं तरी चॉकलेटच वितळतं.

प्रमाण दोन ग्लासांचं: दूध दोन कप, कोको दोन मोठे चमचे, साखर तीन मोठे चमचे, मीठ चिमूट, असली तर इन्स्टंट कॉफी पाव चमचा. कॉफीची चव येत नाही, चॉकलेटच जास्त चॉकलेट लागतं. यातलं दीड कप गोठवा, अर्धा कप नुसतं गार ठेवा.

बाप्पा बीडकर | ३ मे, दुपारी ४:३१

मावशी, कोकोतून तूप काढून घेतल्यावर जे राहतं ती पावडर ना? म्हणजे पेंडच की. म्हशीला सरकीची पेंड अन् आपल्याला कोकोची. फरक इतकाच, म्हैस २४० रुपये देत नाही.

कोको मावशी | ३ मे, दुपारी ४:४४

@बाप्पा, हसू नका, खरंच पेंड आहे. १८२८ साली हॉलंडात व्हॅन हाउटेन बापलेकांच्या कारखान्यात दाबयंत्र आलं. वाटलेल्या कोकोतून तूप पिळून काढायचं, उरलेली ढेप दळायची. आपला तेलघाणाच. पुढे त्यातल्याच पोरानं पावडरीला क्षार लावायची रीत काढली. त्यानं आंबटपणा मरतो, रंग गडद होतो. डब्यावर 'डच प्रोसेस' किंवा 'अल्कलाइज्ड' लिहिलेलं असेल तर तो. या पेयाला तोच बरा. साधा कोको गारव्यात जरा आंबट-तुरट लागतो.

यंत्रबुवा | ३ मे, सायंकाळी ६:१८

जालन्यात माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. पाककृती मला कळत नाही, पण एप्रिल-मे मध्ये माझ्या टेबलावर येणाऱ्या दर चार मिक्सरांतले दोन बर्फानं आलेले असतात.

घरचा मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा. तो चटणी, वाटणासाठी आहे. कोरडा बर्फ टाकून एकदम तीनवर फिरवला की खडे पात्याखाली अडकतात, पातं थांबतं अन् मोटार फिरायला बघते. मग कपलर, म्हणजे मोटार अन् जार जोडणारा भाग, जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "कपलर हलका वापरलाय कंपनीनं." अहो, तो हलकाच पाहिजे. तो तुटतो म्हणून मोटार वाचते. कपलर थोडक्यात होतो, मोटार जळली तर नवा मिक्सर घ्यायची वेळ.

आता लक्षात ठेवा. आधी द्रव, मग बर्फ. जार अर्ध्याच्या वर भरू नका. खटका उलटा फिरवला की पल्स लागतो, तो दोन-दोन सेकंद, आठ-दहा वेळा. सलग फिरवू नका, घर्षणानं गरम होतं अन् तुमचाच बर्फ तुम्हीच वितळवता. बंद पडला तर लगेच दुकानात पळू नका. मिक्सर उलटा करा, बुडाला लाल बटण असतं ओव्हरलोडचं. दहा मिनिटं गार होऊ द्या, मग दाबा. नुसतं ते बटण दाबायचे मी पैसे घेत नाही, पण लोक जालन्याच्या उन्हात येतात त्याचं वाईट वाटतं.

मिक्सरबाधित | ३ मे, सायंकाळी ६:५०

यंत्रबुवा, गरम दुधाचंही सांगा की. मी मागच्या वर्षी कोको गरम दुधात कालवला, इथपर्यंत शहाणी. मग 'आणखी एकजीव करू' म्हणून ते वाफाळतं दूध तसंच जारमध्ये ओतलं, झाकण घट्ट लावलं अन् चालू केलं. आत वाफ कोंडली, झाकण उडालं. हात थोडक्यात वाचला. छताला अजून तपकिरी ठिपके आहेत. नवरा पाहुण्यांना सांगतो, डिझाइन आहे.

यंत्रबुवा | ३ मे, सायंकाळी ६:५८

गरम पदार्थ बंद जारमध्ये कधीच नाही. पूर्ण गार करूनच.

पेठेतला | ३ मे, सायंकाळी ७:१५

एवढा खटाटोप कशाला? गार दूध, सिरप, वर आइस्क्रीमचा गोळा. याला मस्तानी म्हणतात आणि ती आमच्याकडे कधीपासून आहे.

बाप्पा बीडकर | ३ मे, सायंकाळी ७:१७

आले. धाग्याला चार तास झाले, पुणं अजून कसं आलं नाही म्हणून मी वाटच बघायलो होतो.

उलीसं गोड | ३ मे, रात्री ८:४०

मला एक कळंना, मे महिना चालू आहे, आपल्याकडं केसर आंबा हाय. 'मराठवाडा केसर' म्हणून २०१६ ला जीआय, म्हंजी भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला. अन् आपण आफ्रिकेतली पेंड गोठवायलोत. कामून? आमरस गोठवा, मिक्सरला लावा, झालं.

कोको मावशी | ३ मे, रात्री ८:५२

आमरसाचं नक्की करा आणि वेगळा धागा काढा, मी येते. इथं अण्णांना काळीच लस्सी हवी आहे.

रिकामा ट्रे | ३ मे, रात्री ९:३०

पाण्याचा बर्फ नको, हे वाचून एक आठवलं. विषयाला सोडून आहे, चालवून घ्या.

मी पण लातूरचा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्या गल्लीत टँकर यायचा त्याचा वार ठरलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात आईनं फ्रीजमधले बर्फाचे ट्रे काढून माळ्यावर ठेवले होते. बर्फ करायचा म्हणजे प्यायचं पाणी गोठवायचं, ते तिला बघवेना. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा. एकदा चोरून एक वाटी पाणी फ्रीझरमध्ये ठेवलं. आईनं बघितलं, काही बोलली नाही. वाटी बाहेर काढली, बर्फ वितळू दिला अन् ते पाणी भांड्यात ओतलं.

आताही तिच्याकडे दोनच ट्रे आहेत अन् एक कायम रिकामा असतो. दुधाच्या वड्यांसाठी तो मागून बघतो.

गंजगोलाईची सून | ३ मे, रात्री ९:४१

@रिकामा ट्रे, आमच्याकडं त्या वर्षी भांड्यांऐवजी पत्रावळी होत्या दोन महिने. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

दूरदेशी परभणीकर | ३ मे, रात्री १०:२५

मूळ परभणीचा, आता न्यू जर्सीत. तुम्ही प्यालात ते बहुतेक 'फ्रोझन हॉट चॉकलेट'च्या घराण्यातलं. न्यूयॉर्कात 'सेरेंडिपिटी ३' नावाचं एक हॉटेल १९५४ पासून आहे, ते त्यासाठीच प्रसिद्ध. भला मोठा काचेचा वाडगा, वर क्रीमचा डोंगर. बायकोसोबत एकदा गेलो होतो, रांगेत इतका वेळ उभं राहिलो की भूक मेली.

चवीला चांगलं आहे, पण मला परभणीच्या स्टँडबाहेरच्या गोळ्याची आठवण आली. किसलेला बर्फ तोच, सरबताच्या जागी चॉकलेट.

तिरकस | ३ मे, रात्री १०:३१

फ्रोझन हॉट. नावातच भांडण.

साखर मोजा | ४ मे, सकाळी ७:०५

नांदेडला प्रॅक्टिस करतो. शुगरचा उल्लेख सगळे गोडीत विसरले, म्हणून लिहितो.

बाजारातली 'ड्रिंकिंग चॉकलेट' पावडर वापरू नका. डबा फिरवून मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात आणि पहिला शब्द बहुतेक वेळा साखर हाच असतो. नुसता, बिनसाखरेचा कोको घ्या.

दुसरी अडचण अशी की जीभ गार पडली की गोडी कमी कळते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, किती गोडमिट्ट लागतं. म्हणजे गोठवायचं पेय गोड लागायला नेहमीपेक्षा जास्त साखर घालावी लागते. मास्तरांसाठी हे उलटं करा. साखर कमी आणि गारवाही जरा कमी. चिमूटभर मीठ आणि वेलची गोडीची थोडी भरपाई करतात. ग्लास लहान, जेवणावर लगेच नको. दुधातही साखर असतेच, ती हिशेबात धरा. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एकदा विचारा, इंटरनेटवरच्या माझ्यासारख्याला नको.

खव्याचा माणूस | ४ मे, सकाळी ९:२०

राम राम. मी भूम तालुक्यातला. आमच्याकडं घराघरात खव्याची भट्टी. कुंथलगिरीचा पेढा खाल्ला असंल तर तो आमचाच खवा.

हाटेलातल्या पेयाला जो दाटपणा असतो तो क्रीम नाहीतर कसल्यातरी पावडरीचा. घरी लोक जीएमएस-सीएमसी, म्हंजी आइस्क्रीम दाट करायच्या पावडरी, टाकतात. काही गरज नाही. एका ग्लासाला लिंबाएवढा ताजा खवा घ्या, गरम दुधात कोकोबरोबरच घोटा. गार दुधात टाकू नका, दाणे राहतात. खवा म्हणजे दूधच, पाणी उडालेलं. त्यामुळं बर्फाची कचकच कमी होते, जिभेवर साय आल्यागत लागतं. अन् साखर कमी पुरते, खव्याची स्वतःची गोडी असती.

खवा शिळा घेऊ नका. बोटावर चोळून बघा, तूप सुटलं पाहिजे, आंबूस वास नको.

साखर मोजा | ४ मे, सकाळी ९:३३

मी साखर काढतो, तुम्ही खवा घालता. बरं, लिंबाएवढा नाही, बोराएवढा.

खव्याचा माणूस | ४ मे, सकाळी ९:३५

गावरान बोर का अ‍ॅपल बोर?

बाप्पा बीडकर | ४ मे, सकाळी ९:४०

😂😂 डॉक्टर, उत्तर द्या.

पहिलाच प्रतिसाद | ४ मे, दुपारी १२:१०

कोकोऐवजी चॉकलेटची वडी किसून टाकली तर? घरात पडून आहे.

कोको मावशी | ४ मे, दुपारी १२:४८

गारेगार दुधात किसून टाकलीत तर मेणाचे तुकडे चावल्यासारखं होईल. कोकोचं तूप अंगाच्या उष्णतेला वितळतं, ३४ डिग्रीच्या आसपास. तोंड बर्फानं गार झालेलं असताना ते वितळणार कसं? स्वस्तातलं कंपाउंड असेल तर आणखी वाईट, त्यात कोकोच्या तुपाऐवजी दुसरंच वनस्पती तूप असतं. वडी वापरायचीच तर तीही गरम दुधात पूर्ण विरघळवा आणि मग गोठवा.

गंजगोलाईची सून | ५ मे, दुपारी ४:२२

हजर आहे. कालचा अहवाल.

रात्री सगळं मावशींच्या सांगण्याप्रमाणं केलं. कोको पिठल्यासारखा कालवला, एक गुठळी नाही. डॉक्टरांचं ऐकून अण्णांसाठी साखर जवळजवळ नाहीच, वेलची घातली. खवा राहिला, सकाळी मिळतो म्हणून. ट्रेमध्ये ओतलं, आज दुपारी काढलं. वड्या म्हणजे दगड! ट्रे पिरगाळला तर ट्रेला चीर गेली. चार वड्या कशाबशा निघाल्या. जारमध्ये टाकल्या, पल्स दिला, खट्‌ आवाज झाला आणि मिक्सर गप. उलटा केला, लाल बटण सापडलं, दाबलं, चालू झाला. यंत्रबुवा, तुमच्या नावानं आज देवापुढं उदबत्ती.

भाच्याच्या साखरेच्या वड्या मात्र छान भुगा झाल्या. एकाच फ्रीझरमध्ये असा भेद का?

कोको मावशी | ५ मे, दुपारी ४:५०

अय्या, हे मी सांगायलाच विसरले, चूक माझी. साखर विरघळली की पाणी शून्याला पूर्ण गोठत नाही, वडी मऊसर राहते. कुल्फी दाताने तुटते ती त्यामुळंही. पॉट आइस्क्रीमच्या बर्फात खडेमीठ टाकतो त्याचं कारण याच घराण्यातलं, मीठ गोठणबिंदू खाली ओढतं. साखर काढलीत म्हणजे मऊपणाही काढलात.

उपाय: अण्णांच्या वड्या ट्रेमध्ये नको. स्टीलच्या ताटात पातळ थर ओता, बोटाच्या पेराएवढाही नको. अर्धवट गोठला की सुरीनं वड्यांच्या रेघा मारा.

यंत्रबुवा | ५ मे, सायंकाळी ५:१५

अन् काढल्यावर पाच-सात मिनिटं ताट बाहेर ठेवा. कडा ओलसर झाल्या की मग जारमध्ये. लातूरच्या मे महिन्यात पाचच.

उलीसं गोड | ५ मे, सायंकाळी ५:४०

खवा घाला माय, बोराएवढा. खव्यानंपण वडी नरम पडते.

पेठेतला | ५ मे, सायंकाळी ६:०२

मस्तानीला ताट लागत नाही.

गंजगोलाईची सून | ७ मे, रात्री ९:१०

जमली!

दोन कप दूध, दोन मोठे चमचे कोको (डच वाला, गोलाईत मिळाला), बोराएवढा खवा. गावरान बोर, डॉक्टर. दोघांना मिळून साखर अर्धा चमचा, मीठ, वेलची. काल संध्याकाळी ताटात ओतलं. रात्री नऊला रेघा मारल्या, अगदी बर्फीसारख्या. आज चारला काढून पाच मिनिटं ओट्यावर ठेवलं, कडेला घाम आल्यासारखं झालं. उलथण्यानं वड्या सुटल्या. आधी अर्धी वाटी गार दूध, मग वड्या, नऊ वेळा पल्स. दहाव्याला लाईट गेली.

तेवढ्यावरच ओतलं. चमचा उभा राहत नव्हता पण आडवाही पडत नव्हता, हळूहळू कलला. तळाला दोन-चार खडे राहिले होते. अण्णा ग्लास कपाळाला लावून बसले आधी, पंखा बंद होता ना. मग प्यायले. खडे कडाकड चावले, कवळीनं. मी विचारलं, कशी झाली? तर मास्तर म्हणाले, "दहापैकी सात. कॅफेवाल्यानं वर काहीतरी पांढरं घातलं होतं."

सासूबाईंनी उरलेली ग्लासातली बोटानं पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, उद्या तीन ग्लास कर.

साखर मोजा | ७ मे, रात्री ९:२५

पांढरं अजिबात घालू नका. सातवरच ठेवा.

रिकामा ट्रे | ७ मे, रात्री १०:०२

आईनं ट्रे दिला. पण म्हणाली, तो माझ्या डोळ्यासमोर धू, नळ बारीक ठेवून.

नवा पाहुणा | ९ मे, सकाळी ११:३०

छान धागा. सगळं वाचलं नाही. मिक्सर नसेल तर रवीनं होईल का?

तिरकस | ९ मे, सकाळी ११:३१

यंत्रबुवा, रवीचा कपलर आहे का दुकानात?